मुरमाच्या वाटेने, सायकलवरून

चार वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींना मी सायकल चालवण्याचा सल्ला दिला. वय एकसष्ट, रक्तातील साखर वाढलेली, चालताना गुडघे कुरकुरणारे. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर पडतो आणि गुडघ्यांची सुटका होते, त्यामुळे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सल्ल्यात खोट नव्हती. गुरुजींनी तो शिष्याच्या निष्ठेने पाळला. तिसऱ्या आठवड्यात, पहाटेच्या अंधारात, मोठ्या रस्त्यावर मागून आलेल्या मालवाहू गाडीचा त्यांना धक्का लागला आणि उजव्या नडगीचे हाड मोडले. गाडी थांबली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा प्लास्टरमधला पाय उशीवर टेकवून ते अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सायकल सांगितली, पण रस्ता नाही सांगितला."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आम्ही डॉक्टर मंडळी ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मोकळे होतो. तो व्यायाम कुठे करायचा, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. मग रविवारच्या सकाळी मीच जुनी सायकल बाहेर काढली. माझाही रक्तदाब तोवर सीमारेषेवर येऊन उभा होता, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

माझा भाचा काही काळ स्पेनमध्ये होता. भूमध्य समुद्रालगतच्या जिरोना परगण्यातील छायाचित्रे त्याने मला दाखवली. डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरलेले, ऑलिव्ह आणि पाइनची झाडे, आणि त्यांतून वळणे घेत जाणारे मातीखडीचे रस्ते. त्यांवर मोटारी जवळजवळ नाहीतच. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून तेथे सायकलींसाठी 'हरितमार्ग' करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९३ पासून चालू आहे. जिरोनाहून सान्त फेलिऊ या किनाऱ्यावरील गावापर्यंतचा सुमारे चाळीस किलोमीटरचा मार्ग अशाच एका जुन्या अरुंद लोहमार्गावर उभा आहे. आमच्या बीडला रेल्वे पोचली तीच मुळी २०२५ च्या सप्टेंबरात, तेव्हा रूळ उचलण्याची गोष्ट दूरच! परंतु त्या छायाचित्रांत मला ओळखीचे काही दिसले असेल, तर तो रस्त्याचा पोत. तो तर आपला मुरूम होता.

बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गोदाकाठची सखल, काळ्या मातीची गंगाथडी आणि दक्षिणेला बालाघाटाचे पठार. याच डोंगररांगेत पाटोदा तालुक्यातील गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते, आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही याच डोंगरांची लेक. बेसॉल्ट झिजून झालेला तांबूस-पिवळा मुरूम येथे पावलोपावली आहे. गावांना शेतांशी आणि एका शिवाराला दुसऱ्याशी जोडणाऱ्या पाणंद वाटा आणि शिवरस्ते याच मुरमाचे. गावाचा नकाशा तलाठी कार्यालयात पाहावा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. काही वाटा बाभळींनी गिळल्या आहेत, तर काहींवर बांध सरकत आले आहेत आणि त्यावरून भाऊबंदकीही पेटलेली आहे. अनोळखी शिवारात शिरण्यापूर्वी बांधावरच्या माणसाला "राम राम, ही वाट कुठं निघते?" एवढे विचारावे. मला आजवर कोणी अडवले नाही, उलट चहासाठी मात्र अनेकदा थांबवले.

सुरुवात करणाऱ्याने डोंगर टाळावा. गेवराई आणि माजलगाव तालुक्यांतून जायकवाडीचा उजवा कालवा जातो. त्याच्या काठची देखभालीची वाट बरीचशी सपाट आहे आणि सकाळी एखादी दुचाकी किंवा शेळ्यांचा कळप सोडला तर तेथे कोणी भेटत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. आवर्तन चालू असताना कालवा काठोकाठ वाहतो आणि त्याला कठडा नसतो, म्हणून लहान मुलांना पाण्याच्या बाजूने सायकल चालवू देऊ नये. महिना-दीड महिन्याने श्वास बसला की बालाघाटाकडे वळावे. बीडहून दक्षिणेला महामार्ग मांजरसुंब्याचा घाट चढतो. त्या घाटात सायकल घालणे मी कोणालाही सुचवणार नाही. महामार्ग सोडून वाड्या-वस्त्यांच्या कच्च्या वाटांनी पठारावर हिंडावे. मन्मथस्वामींच्या समाधीचे कपिलधार याच डोंगरात आहे. श्रावणात तेथला धबधबा पाहण्यासारखा असतो, पण कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत सायकलवाल्याने तिकडे फिरकू नये. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्यही जवळच आहे. तेथे वनखात्याला विचारल्याशिवाय वाट सोडून आत जाऊ नये.

ऋतूंचेही ऐकावे लागते. पावसाळ्यात गंगाथडीची काळी माती चाकात आणि पंख्यात अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरूम मात्र पाणी पिऊन तासाभरात चालता होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सूर्य वर येण्याआधी घरी परतावे. उत्तम काळ दिवाळी ते होळी. मात्र याच काळात पठारावरची कित्येक गावे निम्मी रिकामी असतात, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. कुलूपबंद घरांपुढून व्यायामासाठी सायकल दामटताना मन थोडे अवघडते. तोड कामगाराच्या पाठीला आणि गुडघ्यांना लागतो तो व्यायाम नव्हे, ती झीज. त्यांच्या तक्रारींवर मी सायकलचा सल्ला देत नाही, विश्रांतीचा देतो, आणि तो पाळता येत नाही हेही मला ठाऊक असते.

आता वैद्याच्या भूमिकेतून चार गोष्टी. चढ लागला की हृदयाचे काम एकदम वाढते. किती जोर लावावा याचे साधे माप असे: सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले नाही तरी चालेल. शब्द तुटू लागले की खाली उतरावे आणि सायकल हाताने चढवावी. यात लाज कसली? मनगटावरच्या घड्याळातील नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. रक्तदाबासाठी 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळी चालू असेल तर नाडी औषधानेच दबलेली असते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाची विशेष काळजी घ्यावी आणि पाण्यासोबत जलसंजीवनीची पुडी ठेवावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम फुटला किंवा डोके भ्रमल्यासारखे झाले, तर आधी साखर खावी, मग बाकीचा विचार. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणवली तर तेथेच थांबून मदत मागावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात हृदयविकार आहे अशांनी तर नक्कीच, आरंभापूर्वी तपासणी करून घ्यावी.

सायकल महागडी हवीच असे नाही. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा, एवढे मुरमाला पुरते. फार कडक चाक खडीवरून उसळते आणि तो हादरा मनगटांपर्यंत पोचतो. करंगळी बधिर होऊ लागली तर हातांवर भार जास्त पडतो आहे असे समजावे आणि पकड बदलत राहावी. सीटची उंची एवढी असावी की पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. आमच्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते आणि गुडघेदुखीचा दोष वयाला दिला जातो. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, चाक घसरते. हेल्मेट घालावे. शेतातल्या वाटेवर कोण पाहते, हा विचार मीही केला होता, एका दगडाने तो बदलला.

पडल्यास जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन मुरमाचे कण काढावेत आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. कुत्रे अंगावर आले तर उतरून सायकल मध्ये धरावी. चावलेच, तर साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. खडकाळ मुरमात फुरसे असते, म्हणून वाटेकडेच्या दगडांवर न पाहता बसू नये. दंश झाल्यास चिरणे, चोखणे किंवा करकचून बांधणे काही न करता तो अवयव हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे.

आठवी ते बारावीच्या कित्येक मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. सकाळी पाणंदीवर मला सर्वांत जास्त भेटतात त्या याच मुली. चढावर त्या मला मागे टाकतात. आईवडिलांना माझे सांगणे इतकेच, की मुलीची दहावी झाली म्हणून ती सायकल गोठ्यात टांगून ठेवू नका.

गुरुजींचा पाय वर्षभराने बरा झाला, थोडा लंगडेपणा राहिला. पुन्हा सायकलचे नाव काढायला मला संकोच वाटत होता. गेल्या माघात त्यांनीच निरोप धाडला. आम्ही दोघे एका पाणंदीने सहा किलोमीटर गेलो. वाटेत एक बैलगाडी भेटली, मोटार एकही नाही. शेवटच्या चढाला ते उतरले आणि मीही उतरलो. वर पोचल्यावर त्यांनी पिशवीतून गुळाचा खडा काढला. मी भुवया उंचावल्या, तेव्हा म्हणाले, "खिशात साखर ठेवा, हे तुम्हीच सांगितलं ना?"

हात थरथरत नसताना ती खायची नाही, एवढे सांगायचे मी विसरलो होतो. अर्धा खडा मग मलाच खावा लागला.