पणजीच्या जुन्या वस्तीत चार दिवस

जुने घर पाहून येणे निराळे आणि जुन्या घरात निजणे निराळे. पाहावयास आलेला मनुष्य कमान पाहतो, झुंबर पाहतो आणि पुढच्या स्थळाकडे वळतो. तेथे रात्र काढणाऱ्यास मात्र त्या घराचा वारा, त्याचे आवाज आणि त्याच्या अडचणी यांचीही ओळख होते. पणजीच्या फोंतेन्हास वस्तीत आम्ही उभयतांनी चार दिवस मुक्काम केला तो या ओळखीच्या लोभानेच. पूर्वी एका कुटुंबाचे राहते घर असलेली, दहा-बारा खोल्यांची ती वास्तू आता उतारूंसाठी सजविलेली आहे. अशा लहान व निवडक थाटाच्या निवासाला हल्ली ‘बुटिक हॉटेल’ म्हणतात.

आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती दाटीवाटीने बसली आहे. फोंतेन्हास म्हणजे लहान झरे. टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे मोझांबिकहून आलेल्या एका धनिकाची माडांची बाग होती. रोगराईने जुने गोवे ओस पडत चालले, १७५९ साली व्हाइसरॉय पणजीस राहावयास आला, आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. मग कारकून, अंमलदार, व्यापारी यांना घरे हवी झाली व बागेची आळी बनली. मुख्य रस्त्याचे नाव ‘३१ जानेवारी मार्ग’. पोर्तुगाल १६४० साली स्पेनच्या जोखडातून सुटले त्याची ही आठवण, असे वाटाडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. पण तो दिवस १ डिसेंबर होता. ३१ जानेवारी ही १८९१ साली पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची तारीख होय.

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंती जांभ्या चिऱ्याच्या व हातभर जाड, वर मंगळुरी कौले, खाली लाकडी तक्तपोशी. शेजारच्या खोलीत कोणी पाणी पिण्यास उठले की आमच्या पलंगालाही ते कळे! परंतु खरी मौज खिडक्यांची. तावदानांच्या जागी चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसविलेले असतात. त्यांतून बाहेरचे दिसत नाही. दिसतो तो केवळ उजेड, आणि तोही दुधात भिजवून काढल्यासारखा. दुपारच्या बाराच्या उन्हातही खोलीत डोळ्यांस त्रास नाही. अशा खिडकीखाली थंड हवेचे यंत्र बसवून दारे घट्ट मिटून घेणे आम्हांस अरसिकपणाचे वाटते. पण पाहुण्यांची मागणीच तशी, त्याला चालकांचा इलाज नाही.

न्याहारीला गरम पोई आणि पातळ भाजी मिळाली. शाकाहारी वाचकांनी गोव्यात उपाशी राहण्याची भीती बाळगू नये.

वस्तीत हिंडताना एक गोष्ट ध्यानात येते. एक घर गर्द निळे, टवटवीत, आणि त्याला लागूनच दुसरे घर कुलूपबंद, सज्जा कललेला, कौलांतून पिंपळ वर आलेला. याचे कारण गरिबीत शोधू नये. ते पुष्कळदा कायद्यात सापडते. १८६७ सालचा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोव्यास लागू झाला, आणि १९६१ साली ती सत्ता गेल्यावरही तो टिकला. २०१२ साली गोव्याच्या विधानसभेने वारसाहक्कासाठी नवा कायदा केला, पण मूळ तत्त्व तेच ठेवले. मुलगा व मुलगी सारखेच वारस, आणि मुले असताना मृत्युपत्राने अर्ध्याहून अधिक मिळकत इतरांस देता येत नाही. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामायिक धरली जाते. आमच्या भगिनींना ज्या हक्कासाठी २००५ सालापर्यंत वाट पाहावी लागली, त्याहून विस्तृत हक्क गोव्यातील कन्येला तिच्या पणजीच्या काळापासून आहे. या न्यायबुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

परंतु घराला मात्र हा न्याय जड जातो. पाच भावंडे, प्रत्येकाला चार अपत्ये, म्हणजे दुसऱ्याच पिढीत वीस धनी. त्यांच्या जोडीदारांची संमती धरली तर सह्या चाळीस. त्यांतले काही लिस्बनला, काही लंडनला, काही मुंबईस. पावसाळ्यानंतर दरवर्षी भिंती रंगवावयाच्या, वाळवी लागलेला वासा बदलावयाचा. तो खर्च कोणी करावा? ज्या कुटुंबात एकोपा होतो तेथे घराचे उतारगृह बनते, भाडे येते, आणि त्या भाड्यावर कौले शाबूत राहतात. म्हणून अशा घरांचे ‘हॉटेल झाले’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आमच्या पुण्यातील किती वाडे वाटणीच्या वादात मातीस मिळाले, हे वाचकांस सांगावयास नकोच.

तरीही दुसरी बाजू आहे, आणि ती शेजाऱ्यांची. ही वस्ती आजही लोकांच्या राहण्याची आहे. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलात त्यांची प्रार्थना चालते. तेथील क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. इन्क्विझिशनच्या वाड्यातून निघालेली ती मूर्ती १९१८ साली येथे आली. वर टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे, आणि त्याच्या जत्रेत याच गल्ल्यांत दुकाने मांडली जातात. अशा नांदत्या आळीत सकाळी आठापासून छायाचित्रे घेणाऱ्यांच्या झुंडी येतात, परक्याच्या उंबऱ्यावर बसतात, सज्जात वाळत घातलेले कपडे बाजूला सारण्यास सांगतात! कित्येक दारांवर ‘येथे छायाचित्रे काढू नयेत’ अशा पाट्या लागल्या आहेत. त्या पाट्यांचीही छायाचित्रे निघतात.

निघण्याच्या सकाळी आम्ही पुन्हा त्या कुलूपबंद घरावरून गेलो. लग्न ठरलेले एक जोडपे तेथे उभे होते. छायाचित्रकार त्यांना पोपडे सुटलेल्या भिंतीशी आणखी थोडे सरकावयास सांगत होता, कारण रंग तेथेच अधिक सुंदर उडाला होता. समोरच्या घरातील वृद्ध बाईंनी एकवार पाहिले आणि शिंपल्यांची खिडकी लावून घेतली.