विद्यार्थ्याचे ताट आणि सरकारचा हिशेब

परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाने जेवावे कोठे, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. पूर्वी मुले माधुकरी मागत, वार लावून जेवत. पण वार मिळे तो जात पाहून. ज्यांना ओसरीवरही जागा नव्हती त्यांनी काय करावे? म्हणून कोल्हापुरास १९०१ पासून शाहू महाराजांनी वसतिगृहांना आश्रय दिला आणि साताऱ्यास १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीस बसवली.

आता यातला काही भार सरकारने उचलला आहे. २०१६-१७ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ज्या येवल्यात बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली, तेथे तरी ती घरोघर ठाऊक असावी. घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि पात्र असूनही सरकारी वसतिगृहात जागा मिळालेली नसावी. शिवाय मुलगा कॉलेजच्या गावचा रहिवासी नसावा. म्हणजे येवल्याचा मुलगा नाशकात शिकला तर पात्र. नाशकातल्याच झोपडपट्टीतला अपात्र. त्याची भूक काय कमी असते? आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत.

कोणी म्हणेल, रेशनकार्ड आहे ना! आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, आणि त्या कार्डावर मुलाचेही नाव असते. पण चूल नसलेल्या खोलीत तांदूळ घेऊन तो काय करणार? त्याला शिजलेले अन्न पाहिजे. स्वाधारचे महत्त्व एवढ्याचसाठी.

आता हिशेब पाहू. नाशिकसारख्या शहरासाठी योजनेने भोजनाला वर्षाचे २८,००० रुपये धरले. निवासाचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,००० निराळे. कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला दिवसाचे त्र्याण्णव रुपये पडतात. त्यात दोन वेळचे ताट, आणि चहा घेतलाच तर तोही. आम्ही कामगारांनी भांडून महागाई भत्ता निर्देशांकाला जोडून घेतला. डाळीचा भाव चढला की भत्ता हलतो. विद्यार्थ्याचा भोजनभत्ता मात्र ठोक आकड्यात बांधलेला आहे.

दुसरी अडचण वेळेची. पैसे हप्त्याने, थेट मुलाच्या बँकखात्यात येतात, आणि ७५ टक्के हजेरी भरावी लागते. हजेरीला माझी हरकत नाही. पण खाणावळवाला महिना संपताच पैसे मागतो आणि सरकारी हप्ता रेंगाळतो. मधल्या काळात बाप हातमागावरची उचल घेतो, नाहीतर मुलगा एक वेळ जेवतो.

तेव्हा ज्यांची मुले यंदा बाहेरगावी जाणार आहेत त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला आताच काढून ठेवावा. वसतिगृहाचा अर्ज आधी भरावा. तेथे जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधारसाठी जावे, आणि खाणावळीच्या पावत्या जपून ठेवाव्यात.