थोरल्या बहिणीचं काय?

जालना जिल्ह्यातल्या चर्चच्या एका बालविकास केंद्रात मी मुलांची पत्रं मराठीतून इंग्रजीत करून द्यायचे. परदेशातला एक दाता एका मुलाची फी, वह्या-दप्तर, औषधपाणी आणि शिकवणी यांचा खर्च उचलतो. मूल त्याला पत्र लिहितं. हीच स्पॉन्सरशिप. अमेरिकी धर्मोपदेशक एव्हरेट स्वान्सन यांनी १९५२ मध्ये कोरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी जे काम सुरू केलं, त्यातून 'कम्पॅशन इंटरनॅशनल' उभी राहिली. आज अनेक ख्रिस्ती संस्था अशी मदत करतात. दात्याच्या डोळ्यांसमोर एकच मूल असतं, पण त्या मदतीचे परिणाम सगळ्या घरावर होतात.

आमच्या केंद्रातल्या चौथीच्या एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बिऱ्हाड हलायचं आणि शाळा सुटायची. मुलीला स्पॉन्सर मिळाला त्या वर्षी केंद्रातली हजेरी बुडू नये म्हणून आजी तिच्यासाठी गावात थांबली आणि आजी आहे म्हणून धाकट्या भावालाही मागे ठेवलं. संध्याकाळी चुलीपुढे ती पाढे म्हणायची, तो तिच्यामागून म्हणायचा. स्पॉन्सर एकीला मिळाला, शाळेत दोघं टिकली.

थोरली मात्र तेरा वर्षांची होती, केंद्राच्या वयात न बसणारी. ती आईबरोबर फडात मोळ्या बांधायला गेली. पावसाळ्यात घरी आली की धाकटीला आलेलं पत्र ती पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. तिला कुणाचं पत्र येणार नव्हतं.

अशाच थोरल्या भावंडांमुळे या मदतीचा परिणाम मोजता आला. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या १०,१४४ जणांची माहिती तपासली. अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कम्पॅशनचं काम गावात आलं तेव्हा बारा वर्षांच्या पुढे गेलेली भावंडं त्यांनी तुलनेला घेतली. स्पॉन्सर मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, त्यांना कामंही बरी मिळाली. मुलांच्या आकांक्षा वाढल्या, हेही त्यामागचं एक कारण असावं, असं अभ्यासकांना दिसलं. मला ते पटतं. 'मोठेपणी तू काय होणार?' असं आमच्या मुलांना पहिल्यांदा पत्रातूनच कुणीतरी विचारलं होतं.

मग हा प्रश्न थोरलीला का विचारायचा नाही? वय उलटलेल्या मुलीला मिळालेली संधी किती दूरवर जाते, हे आपल्याकडे दिसलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या देणगीदारांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई लहानपणीच विधवा झालेली, शिकायला आली तेव्हा विशी ओलांडलेली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई म्हणून ती त्यांच्या कार्यात उभी राहिली. कर्व्यांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं. अमेरिकेत पैसे देणाऱ्या कुणाला याची कल्पना असणार? शारदा सदनात वयाची अट असती, तर गोदूबाई दारातूनच परत गेली असती.

म्हणून दात्यांना आणि केंद्रं चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: लहानग्यांची मदत कमी करू नका, पण घरातल्या थोरलीचीही चौकशी करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्या फॉर्मची फी, पुस्तकं आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांची शिकवणी, एवढा खर्च उचला. धाकट्यांना शिकवायला घरातच एक शिक्षिका तयार होईल.