स्वारीचा घोडा कां अडतो?

कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर रविवारीं व सुटीच्या दिवशीं मुंबईकडील पुष्कळ मंडळी हवा खावयास येते. ओली रेती व समोरचा अरबी समुद्र पाहून मुलांस घोड्यावर बसण्याची हौस होते, आणि ती पुरविण्याकरितां तेथें घोडेही उभे असतात. या घोड्यांविषयीं एक तक्रार वरचेवर कानीं येते. घोडा चालतां चालतां अडतो, मान झटकतो, खोगीर चढवूं लागलें कीं कान मागें पाडून दांत दाखवितो. मग चाबूक निघतो, घोडा नाइलाजानें चार पावलें टाकतो, व पाहणारे म्हणतात, "जनावर मोठें हट्टी आहे." विद्यार्थिमित्रांनो, या लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ज्याला आपण हट्ट म्हणतों तो बहुधा हट्ट नसतो. तें घोड्याच्या पोटाचें, पाठीचें, तोंडाचें किंवा टापेचें दुखणें असतें, आणि चाबकानें बरें झालेलें दुखणें आजपर्यंत कोणीं पाहिलेलें नाहीं.

पान कां नासलें, भाकरी कां करपली व घोडा कां अडला, या जुन्या कोड्याचें एकच उत्तर आपण लहानपणीं ऐकिलें आहे: न फिरविल्यामुळें. पागेंत दिवसचे दिवस अगाडी-पिछाडीनें जखडून ठेवलेल्या घोड्यास तें अगदीं लागू पडतें. असा घोडा अंगानें ताठतो व मनानें चिडतो. परंतु भाड्यानें फिरणाऱ्या घोड्यास फिरणें कमी पडत नाहीं. त्याच्या अडण्याचें उत्तर निराळें शोधिलें पाहिजे.

निगा न समजल्यानें घोडे गमावण्याची गोष्ट आपल्या देशांत नवी नाहीं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी हिंदुस्थानांत आला. तामिळ मुलुखांतील राजांविषयीं तो लिहितो कीं, ते अरबस्तान व इराण यांकडून दरसाल हजारों घोडे अपार सोनें देऊन विकत घेतात, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरदेखील जिवंत राहत नाहींत. कारण काय, तर घोड्यांचा उपचार जाणणारा मनुष्य तेथें नाहीं, आणि त्यांना शिजविलेला भात व मांस चारतात! शिवाय घोडे विकणारे व्यापारी तिकडे नालबंद जाऊं देत नसत; घोडे लवकर मेले तर पुढील वर्षींचें गिऱ्हाईक ठरलेलेंच. आपल्या ठाण्याचाही उल्लेख त्याच्या ग्रंथांत आहे. तेथील राजानें चांच्यांशीं असा ठराव केला होता कीं, लुटींत सांपडतील ते घोडे राजाचे व बाकीचा माल चांच्यांचा. घोड्याला केवढें मोल होतें तें यावरून दिसतें. पण मोल देणें निराळें आणि निगा राखणें निराळें.

निगा जाणणारेही आपल्याकडे होऊन गेले. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६७३-७४ च्या सुमारास चिपळुणाजवळ छावणीस असलेल्या आपल्या घोडदळाच्या अंमलदारांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस तोशीस देऊं नये या ताकिदीकरितां त्याचा नेहमीं उल्लेख होतो. परंतु त्यांत घोड्यांच्या पोटाचा विचारही तितकाच आहे. दाणा व वैरण आरंभींच उधळली तर ऐन पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि त्याचा दोष अंमलदारांवरच येईल, असा त्याचा आशय आहे. रात्रीं दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवत जळून जाईल, इतकी बारीक काळजीही त्यांत वाहिलेली आहे.

म्हणून आम्हीही पोटापासूनच आरंभ करतों. घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें फार लहान, सुमारें आठ ते पंधरा लिटरांचें असतें. तो गाईप्रमाणें रवंथ करीत नाहीं, आणि त्याला ओकतांही येत नाहीं. मोकळ्या रानांत घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडें थोडें चरत असतो, व त्याच्या जठरांत आम्लरस अखंड पाझरत असतो, मग आंत गवत असो वा नसो. सकाळीं एक तोबरा चंदी, रात्रीं एक तोबरा चंदी आणि मध्यें दिवसभर रिकामें पोट, ही पुष्कळ ठिकाणची रीत त्याच्या शरीररचनेच्या अगदीं उलट आहे. तिच्यामुळें जठरांत व्रण पडतात, आणि असा घोडा तंग आवळतांच चावावयास धांवला तर नवल नाहीं. सुक्या वैरणीदाण्याचें साधारण प्रमाण वजनाच्या शेंकडा दोन, म्हणजे तीनशें किलोच्या घोड्यास दिवसाला सहा किलो. त्यांत बहुतेक भाग गवताचा असावा, व तो चार-पांच वेळां वांटून द्यावा. हरभरा किंवा कुळीथ भिजवून, कामाच्या मानानें घालावा. आमच्या भागांत भाताचा पेंढा मुबलक मिळतो. पण त्यांत सत्त्व थोडें, त्यानें नुसतें पोट भरतें. वैरण बदलणें असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावी, कारण ती पचविण्याचें काम मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतू करतात व त्यांना एकाएकीं नवें अन्न मानवत नाहीं. घोडा पायानें जमीन उकरूं लागला, वळून वळून कुशीकडे पाहूं लागला, लोळूं लागला व त्याची लीद बंद झाली, तर तो पोटशूळ समजून तत्काळ पशुवैद्यास बोलवावें. बाटलीनें तेल पाजण्याचा गांवठी उपाय धोक्याचा आहे. तें तेल फुप्फुसांत उतरूं शकतें.

किनाऱ्यावरच्या घोड्यास याखेरीज एक खास शत्रू आहे, तो म्हणजे रेती. गवताचा भारा रेतीवर टाकला म्हणजे घोडा ओठांनीं शेवटची काडी वेंचतो, व प्रत्येक घासाबरोबर थोडी थोडी रेती गिळतो. ही रेती आंतड्याच्या तळाशीं सांचते, आणि कित्येक महिन्यांनीं एके दिवशीं पोटशूळाच्या रूपानें प्रकट होते. ती पोटांत जात आहे कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति इतकी सोपी आहे कीं, आपल्या प्रयोगशाळेंतही ती करतां येईल. ताज्या लिदीच्या मधला, जमिनीस न लागलेला भाग एका कांचेच्या बरणींत घालावा, भरपूर पाणी ओतून ढवळावें व थोडा वेळ स्वस्थ ठेवावें. रेती असेल तर ती तळाशीं बसलेली दिसते. तळ स्वच्छ दिसला म्हणून मात्र पोटही स्वच्छ आहे असें समजूं नये. उपायांत उपाय म्हणजे वैरण घमेल्यांत, टोपलींत किंवा जाळींत द्यावी. रेती निघून जावी म्हणून पशुवैद्य इसबगोलाचा भुसाही देववितात.

याच रेतीचा दुसरा त्रास पायांस होतो. कोरड्या, भुसभुशीत रेतींत पाय रुततो व टाचेच्या वरच्या शिरांना ओढ बसते. भरतीची रेषा ओसरल्यावर जी ओली, घट्ट पट्टी राहते तीच घोड्यास चालावयास बरी. घोडा भुसभुशीत रेतीच्या कडेस येऊन थांबला, तर तो अडला असें न म्हणतां त्यानें वाट निवडली असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

उन्हाविषयीं एक जुना समज येथें खोडून काढणें अवश्य आहे. घामाघूम घोड्यास पाणी पाजूं नये व अंगावर गार पाणी घालूं नये, असें अजूनही सांगतात. इ. स. १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांपूर्वीं, तेथील दमट उन्हाळ्याच्या भीतीनें, शास्त्रज्ञांनीं या गोष्टीचा पुष्कळ अभ्यास केला. थंड पाणी अंगावर वारंवार ओतल्यानें घोड्यास अपाय होत नाहीं, उलट त्याचा ताप लवकर उतरतो, हें त्यांतून दिसून आलें. पाणीही त्यास पिऊं द्यावें. दिवसास त्याला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागतें, उन्हांत त्याहूनही अधिक. आणि घामावाटे मीठ फार जात असल्यानें मिठाचा खडा त्याच्यापुढें असावा. आपल्या दमट किनाऱ्यावर कांहीं घोड्यांस घाम येणेंच बंद होतें. असा घोडा धापा टाकतो व कातडी मात्र कोरडी राहते; तो उन्हांत चालवूंच नये. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांकरितां सरकारनें इ. स. १९६५ मध्यें जे नियम केले, त्यांत दिवसाला नऊ तासांपलीकडे काम नाहीं, विश्रांतीवांचून सलग पांच तासांपलीकडे काम नाहीं, व उष्णमान ३७ अंशांवर असतांना दुपारीं बारा ते तीन काम नाहीं, अशीं कलमें आहेत. काटेरी लगामासही त्या नियमांनीं मनाई केली. स्वारीच्या घोड्यासही हाच माप लावणें योग्य, असें आमचें मत आहे.

टाप म्हणजे घोड्याचें नख होय. ती महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून नाल काढवून, टाप तासून, पुन्हा नाल बसविले पाहिजेत. नाल झिजलेला नाहीं म्हणून तोच ठेवणें ही खरी काटकसर नव्हे. पायाखालची जमीनही पाहिली पाहिजे. माथेरानास, जेथें खाजगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढें जात नाहींत व माणसें घोड्यांवर बसून जातात, तेथें मातीच्या रस्त्यांवर ठोकळे बसविण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ठोकळ्यांवर घोडे घसरतात, असें घोडेवाल्यांचें म्हणणें होतें. आमच्याकडे चिंता पावसाळ्याची. चार महिने ओल्या लिदींत उभ्या असलेल्या घोड्याच्या तळव्यांतील मऊ, त्रिकोणी भाग सडूं लागतो व त्यास घाण येते. कोरडी जागा व रोज दोनदां टाप उचलून साफ करणें, यांवांचून त्यास औषध नाहीं म्हटलें तरी चालेल.

रोगांविषयीं दोनच शब्द. धनुर्वाताचे जंतू लिदींत व मातींत असतात, आणि घोड्याइतकें त्यांना बळी पडणारें दुसरें पाळीव जनावर क्वचितच. म्हणून त्याची लस चुकवूं नये. दुसरा रोग 'सरा'. चावणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराचा दुसऱ्यास देतात. त्याचा सूक्ष्म जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें इ. स. १८८० मध्यें त्या वेळच्या पंजाबांतील डेरा इस्माईल खान येथें आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत प्रथम ओळखला. चढउतार करणारा ताप, वाढता अशक्तपणा व पायांस सूज दिसली तर रक्त तपासून घ्यावें.

आतां पाठ. निबंधांतील खोगीरभरतीबद्दल आम्ही तुमचे गुण कापतों. घोड्याच्या बाबतींत मात्र खोगिराची भरती हाच मुख्य विषय आहे. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडावा, कण्यावर मुळींच पडूं नये. भरती बसून गेली, किंवा एका घोड्याचें खोगीर दुसऱ्यास घातलें, कीं कांहीं ठिकाणीं सारखा दाब पडतो, रक्त फिरत नाहीं, व पुढें जखम होते. भाड्याच्या कित्येक घोड्यांच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतात. ते जन्मतःचे नसून पुष्कळदां अशा जुन्या दाबाची साक्ष असतात. स्वाराचें वजनही हिशेबांत धरावें. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शापेक्षां अधिक नसावें, असा सामान्य दंडक आहे. अडीचशें किलोच्या तट्टावर पन्नास किलो. म्हणजे तुमच्यापैकीं बरेच जण चालतील, पण तुमचे काका चालणार नाहींत!

घोडा दुखणें बोलून दाखवीत नाहीं, तरी तें त्याच्या वागण्यांत उमटतें. स्यू डायसन या इंग्लंडांतील पशुवैद्य बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वाराखालीं असलेल्या घोड्याच्या चोवीस लक्षणांची यादी इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध केली. कान बराच वेळ मागें पाडणें, तोंड वारंवार उघडणें, शेपूट झटकणें, डोळे ताठ करून पाहणें, अडखळणें, पुढें जाण्यास नाखूष असणें, हीं त्यांपैकीं कांहीं. चोवीसांपैकीं आठ किंवा अधिक लक्षणें दिसलीं तर घोड्यास कोठें तरी दुखत असण्याचा संभव फार, असें त्यांच्या निरीक्षणांत आलें. ज्या खोड्यांसाठीं आमच्याकडे घोडा मार खातो, त्यांपैकीं बहुतेक या यादींत आहेत.

तोंडाचेंही असेंच. घोड्याचे दांत जन्मभर वर सरकत असतात व चघळण्यानें झिजतात. झीज सारखी न झाल्यास कडा धारदार होऊन गालास व जिभेस कापतात. मग लगाम ओढला कीं घोडा मान झटकतो. वर्षांतून एकदां पशुवैद्याकडून दांत घासून घेतल्यास ही 'खोडी' जाते.

दुखणें नसलेला घोडा कामास राजी कसा होतो, तें थोडक्यांत सांगतों. स्वारानें टाचेनें इशारा करावा, व घोड्यानें पाऊल टाकतांच टाच तत्क्षणीं सैल सोडावी. हें सैल सोडणेंच त्याचें बक्षीस होय. पाऊल टाकल्यावरही टांचा मारीत राहिलें तर इशाऱ्यास अर्थ उरत नाहीं, आणि घोडा हळूहळू बधिर होतो. घोडा कळपांतला प्राणी आहे. शेजारीं दुसरा घोडा दिसत असला तर तो शांत राहतो. तो उभ्यानें डुलकी घेतो खरा, पण गाढ झोंपेसाठीं त्यास थोडा वेळ आडवें व्हावेंच लागतें. म्हणून रात्रीं पिछाडी सोडून, कोरड्या जागीं, निजण्यापुरती मोकळीक द्यावी.

संध्याकाळीं काम संपल्यावर शेवटचा टप्पा घोड्यास पायींपायीं, तंग थोडा सैल करून आणावा. खोगीर उतरवून पाठीवरून तळहात सावकाश फिरवावा. जेथें कातडी थरथरते किंवा घोडा पाठ खालीं घेतो, तेथें दुसऱ्या दिवशीं खोगीर घालूं नये. समुद्राचें पाणी अंगावर वाळलें तर मीठ तंगाखालीं कातडीस घासतें, म्हणून गोड्या पाण्यानें धुवावें. अंग सुकल्यावर खरारा करावा, चारी टापा उचलून पाहाव्या, घमेल्यांत गवत व बादलींत पाणी ठेवावें, आणि मग चंदीचा तोबरा चढवावा.