पाकीटभर अळंबी, मूठभर तिसऱ्या

श्रावण लागला की कोकणातल्या आणि मुंबईतल्या मासेखाऊ घरांत मशरूमचे दिवस येतात. तिसऱ्यांना लागतं तेच भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, तीच आमसुलं, तसाच दाटसर रस्सा; शिंपल्यांच्या जागी फक्त पांढरी अळंबी. गोव्यात तर पावसात वारुळांवर उगवणारी रानअळंबी रस्त्याकडेला विकायला येते आणि तिचा भाव ऐकून भलेभले पुढे सरकतात. जेवणं झाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘प्रोटीन काय, दोन्हींत सारखंच!’ हे अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

चव जुळते ती काही नुसत्या वाटणाची करामत नव्हे. अळंबी भाजीवाल्याकडे मिळते म्हणून आपण तिला भाजी म्हणतो, पण बुरशीचं हे कूळ वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचं आहे. बटाटा ऊर्जा साठवतो ती स्टार्चच्या रूपात. अळंबी ग्लायकोजेन साठवते, आणि कालवं-तिसऱ्याही तेच साठवतात. भरलेल्या कालवाला जी गोडसर चव असते, तिच्यात या साठ्याचा वाटा मोठा. कोळंबी-कुर्ल्यांचं कवच ज्या कायटिनचं, तेच कायटिन अळंबीच्या पेशींच्या भिंतींत असतं. शिवाय ग्लुटामेट दोन्हीकडे असल्यामुळे रस्सा जिभेवर रेंगाळतो.

आता आकडे. एरवी तुलना शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम अशी करतात, पण ताटात ती तशी येत नाही. किलोभर तिसऱ्या आणल्या तरी शिंपा वजा जाता मांस पाव किलोच्याही आत भरतं. माणशी वाट्याला पन्नासेक ग्रॅम आलं तरी खूप. बटण मशरूमचं पाकीट मात्र २०० ग्रॅमचं, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. कढईत पडलं की ते आक्रसतं आणि एकटा माणूस सहज संपवतो. म्हणून मूठभर तिसऱ्यांसमोर पाकीटभर अळंबी ठेवू. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे ५० ग्रॅम शिंपल्यांच्या मांसात सुमारे ४३ कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं; २०० ग्रॅम मशरूममध्ये ४४ कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. आपल्या खाडीतल्या तिसऱ्यांचे आकडे जातीनुसार, हंगामानुसार थोडे इकडेतिकडे होतील, पण इथवर सामना बरोबरीत आहे. अळंबीतला सगळा नायट्रोजन प्रथिनांचा नसतो आणि कायटिनच्या भिंतींमुळे ती पचायलाही जड, तेव्हा तिच्या सहा ग्रॅमांतून थोडे वजा धरावेत.

खरी दरी आहे ती बी-१२ची. माणसाला दिवसाला हे जीवनसत्त्व दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. त्या मूठभर शिंपल्यांतून पाचाच्या वर मिळतं, म्हणजे दोन दिवसांची बेगमी एका जेवणात. पाकीटभर मशरूममधून मिळतं ०.०८. ‘शाकाहारी मटण’ म्हणून मशरूम वाढणाऱ्या हॉटेलांनी ही गोष्ट मेनूकार्डावर लिहायला हरकत नव्हती!

जस्ताच्या बाबतीत मात्र कालवांना तोड नाही. शंभर ग्रॅम कालवांत जातीनुसार १६ ते ३९ मिलिग्रॅम जस्त सापडतं. तेवढ्याच मशरूममध्ये जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. कोळंबीचा मामला निराळा: शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, चरबी नावाला, कोलेस्टेरॉल मात्र भरपूर. सगळ्या कवचवाल्यांना एकाच मापानं तोलण्यात अर्थ नाही.

पण पारडं एकतर्फी नाही. अळंबीच्या पाकिटात दोन ग्रॅम तंतू आणि सहाशेच्या वर मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तर सोडियम दहा-बारा मिलिग्रॅम. शिंपल्यांत तंतू नाहीतच, आणि त्या मूठभर मांसात सोडियम तीनशे मिलिग्रॅमपर्यंत जातं. समुद्राचं पाणी पोटात घेऊन आलेला जीव, दुसरं काय होणार? रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी तिसऱ्यांच्या रश्शात मीठ चव बघूनच घालावं.

अळंबीची आणखी एक खुबी फारशी कुणी वापरत नाही. तिच्यातल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचं ड-जीवनसत्त्व होतं. चिरलेली अळंबी दुपारच्या कडक उन्हात पाव ते एक तास ठेवली, तर शंभर ग्रॅममागे दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास ड तयार होऊ शकतं. आपली रोजची गरज १५ची. हे ड-२, शरीरात ड-३इतकं टिकत नाही, पण फुकट मिळतंय. श्रावणात ऊन शोधणं मात्र ज्याचं त्यानं बघावं.

धोक्याच्या बाबतीतही दोघांचं जमतं. कालवं-तिसऱ्या पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यातही येतं: सांडपाण्यातले जंतू, जड धातू, कधी विषारी शेवाळाचं विष. जंतू शिजवल्यानं मरतात. ते विष जात नाही. विषारी रानअळंबीचंही तसंच, कितीही उकळा. म्हणून शिंपल्या कुठल्या खाडीतल्या हे विचारावं आणि रानअळंबी जाणत्याच्याच हातची घ्यावी. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला अळंबी बहुधा चालते, कारण त्रास देतं ते कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन, दोघांतलं सामाईक कायटिन नव्हे.

राहिला श्रावण पाळणाऱ्यांचा प्रश्न. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो चांगला असेल तर वर्षानुवर्षं पुरतो, तेव्हा महिनाभर तिसऱ्यांची एकशिपी चुकली म्हणून काही बिघडत नाही. काळजी करायची ती बारा महिने शाकाहारी असणाऱ्यांनी. त्यांनी अळंबी जरूर खावी, शेजारी वरण आणि वाटीभर दही घेऊन. आणि दूधदुभतंही वर्ज्य असेल, तर बी-१२ची तपासणी करून डॉक्टरांना गोळी विचारावी.