ज्वारीचा विमा

विमा म्हटला म्हणजे हप्ता, पावती आणि बारीक अक्षरांतील अटी आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें येतील. परंतु वर्धा जिल्ह्यांत असाहि एक विमा निघाला कीं, ज्याचा हप्ता खळ्यावर ज्वारी मोजून भरावयाचा.

सेवाग्राम येथें १९६९ सालीं, महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. तेथील कस्तुरबा रुग्णालयाचे डॉक्टर उल्हास जाजू यांनीं १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ही योजना रुजविली. सुगी होतांच प्रत्येक घरानें आपला वांटा द्यावा. ज्याची जमीन अधिक त्याचा वांटा अधिक. भूमिहीन मजुरानेंहि थोडी ज्वारी द्यावीच, म्हणजे उपचार मागतांना त्याची मान खालीं जात नाहीं. गांवांतील निदान शेंकडा ७५ गरीब घरें सामील झालीं तरच गांव घ्यावयाचें, अशी अट होती. त्या धान्यांतून गांवच्याच आरोग्यसेवकाचें मानधन व किरकोळ औषधें भागत. अकस्मात् आलेल्या दुखण्यास रुग्णालयांत शुल्क नसे. मोतीबिंदु, अंतर्गळ अशा आधीं कळणार्‍या दुखण्यांस केवळ सवलत मिळे.

खेड्यांतील घर एकाएकीं बुडत नाहीं. प्रथम दुभती म्हैस जाते, मग बायकोच्या गळ्यांतील मणी, मग शेत गहाण पडतें. आणि पुष्कळदां या उतरंडीचा आरंभ एखाद्या ज्वरापासून किंवा अडलेल्या बाळंतपणापासून झालेला असतो. आम्हीं शाळेंत चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें वर्षानुवर्षें शिकविलीं. मागल्या बांकावर गप्प बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरीं तेंच उदाहरण प्रत्यक्ष चाललें असेल, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

आपल्या शास्त्रकारांनीं योग आणि क्षेम हे दोन शब्द जोडीनें वापरले. न मिळालेलें मिळविणें तो योग, मिळालेलें राखणें तें क्षेम. सरकारी मदत बहुधा योगाची असते व संकटानंतर येते. २००६ सालीं विदर्भांतील शेतकर्‍यांसाठीं केंद्रसरकारनें मोठें साहाय्य जाहीर केलें, त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. तें साहाय्य हवेंच होतें. पण क्षेमाची तजवीज, आमच्या मतें, रास घरांत असतांनाच व्हावी लागते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. मिळवत्याचें अधिक आणि दुखणाइताचें आधीं, हा हिशेब आपल्या घरांतून कोणी लिहून ठेवीत नसे, तरी चालत असे.

अडचण निराळीच आहे. गेल्या कांहीं दशकांत विदर्भांत ज्वारीचा पेरा फार घटला व सोयाबीन वाढला. ज्वारी कणगींत राहते, माणसें खातात, कडबा गुरांस होतो. सोयाबीन व कपाशी शेतांतून थेट बाजारांत जातात. ज्याच्या घरीं कणगीच उरली नाहीं, त्यानें वांटा कशाचा काढावा? आम्हीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास, तो आतां शेती करतो, हें विचारलें. तो हंसून म्हणाला, “सोयाबीन देऊ न गुरुजी! पण ते निंघायच्या आधीच दुकानदाराचं झालेलं असते.”