वासराची बेंबी आणि पहिले सहा तास



गेल्या पावसाळ्यात कन्नड तालुक्यातल्या एका ठाकर वाडीवरून फोन आला, “भाऊ, कालवड उठंना.” ती गाय आपल्याच मदतीतून त्या ताईंना मिळाली होती. औरंगपुऱ्यातून निघून मी पोहोचेपर्यंत दुपार झाली. कालवड आठ दिवसांची. पुढच्या पायांचे गुडघे सुजून गरम झालेले. बेंबी अंगठ्याहून जाड, दाबली की पू येई. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण तिसऱ्या दिवशी ती गेली.

“गाय दिली, मग वासरं का दगावतात?” असं उपासनेनंतर मला अनेकांनी विचारलं आहे. पुष्कळदा उत्तर बेंबीत असतं.

पोटात असताना वासराचं पोषण नाळेतून होतं. नाळेतली मोठी शीर थेट यकृताकडे जाते. जन्मताना नाळ तुटते, पण वाळून बंद व्हायला काही दिवस लागतात. तोवर ते उघडं दारच. वासरू शेणमुताच्या ओल्या जमिनीवर पडलं की जंतू त्या वाटेनं आत शिरतात, रक्तात मिसळतात आणि सांध्यांत जाऊन बसतात. सांधे धरले की उपचाराला फारसं यश येत नाही. म्हणून पावसाळ्यातलं वेत अधिक जोखमीचं. अडलेलं वासरू न धुतलेल्या हातांनी ओढणं, नाळ विळ्यानं कापणं, तिच्यावर राख किंवा शेण लावणं यानंही धोका वाढतो. एकत्र बांधलेली वासरं एकमेकांची बेंबी चोखतात, तेही वाईट.

पण मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते चिकाचं. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. या वाडीवरही तेच झालं. गाय पहाटे व्याली, वार संध्याकाळी पडली, तोवर कालवड उपाशी. ताई म्हणत होत्या, “दूध तर पीत होती की.” पीत होती, पण उशिरा. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी द्रव्यं जवळजवळ नसतात. ती चिकातूनच मिळतात. त्याचं आतडं ती पहिल्या सहा तासांत उत्तम शोषून घेतं, चोवीस तासांनी ते दार जवळजवळ बंद होतं. वीस किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत दोन लिटर चीक हवा. खरवस उरला तर करावा. आणि वासरू आचळाला लागलं की वार पडायला उलट मदतच होते! हे पटवायला मला एकेका घरी तीन-तीन चकरा माराव्या लागल्या आहेत.

बाकी काम सोपं आहे. गाय कोरड्या, झाडलेल्या जागी पेंढ्यावर व्यावी. नाळ लांब लोंबत असेल तर पोटापासून तीन बोटांवर उकळलेल्या दोऱ्यानं बांधून नव्या ब्लेडनं कापावी. मग छोट्या वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन नाळ त्यात पूर्ण बुडवावी. नुसता बोळा फिरवून भागत नाही. वाळेपर्यंत रोज हेच करावं. बेंबी सुजली, गरम लागली, वास आला किंवा वासरू पिईनासं झालं, तर त्याच दिवशी 1962 वर फोन करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं.

यंदापासून प्रत्येक गाभण गाईमागे आयोडीनची बाटली, दोरा आणि ब्लेड अशी पिशवी आम्ही देतो. बाटल्या औरंगपुऱ्यातूनच घेतो. त्या ताईंची गाय पुन्हा गाभण आहे. पिशवी त्यांनी आत्ताच मागून नेली, आणि वाटी कुठली घ्यायची तेही विचारून गेल्या.